टपालाने इलस्ट्रेशन: धडे पुस्तकात, शिकवणं दुरुस्तीच्या कागदात

पाकीट उघडलं की आधी आपलंच चित्र बाहेर यायचं. काही आठवड्यांपूर्वी पाठवलेलं, कोपरे जरा दबलेले. त्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला ट्रेसिंग पेपर. तो चित्रावर सोडला की आपल्या रेषांवर दुसऱ्याच कुणाच्या रेषा बसायच्या: खांदा थोडा खाली, मान जरा पुढे, टेबलाची मागची कड वर. कागद उचलला की आपण काढलेलं दिसायचं, खाली सोडला की काढायला हवं होतं ते. सोबत असं का केलं ते सांगणारं एक पत्र.

टपालाने चित्रकला शिकवणाऱ्या चांगल्या संस्थांचं खरं शिकवणं या पातळ कागदात होतं. जाडजूड पुस्तकं त्याच्या तयारीसाठी. आज असे जुने संच पुष्कळ जणांच्या हाती येतात. लोक ते आवडीने वाचतात, थोडेफार धडे करतात, आणि वर्षभराने हात होता तिथेच असतो. पुस्तकं मिळालेली असतात, वरचा कागद मिळालेला नसतो. घरी शिकायचं तर तो कागद कुठून तरी उभा करावा लागतो. तो कसा करायचा ते पुढे येईलच. त्याआधी हा प्रकार नेमका काय होता ते थोडक्यात.

अमेरिकेत स्क्रँटन इथे १८९१ मध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी टपालाने शिक्षण सुरू झालं आणि त्यातून मोठी पत्रद्वारा शाळा उभी राहिली. छापील मासिकं आणि जाहिराती वाढल्या, तशी चित्र काढणाऱ्यांची मागणीही वाढली. लंडनमध्ये पर्सी ब्रॅडशॉ यांनी १९०५ मध्ये प्रेस आर्ट स्कूल काढलं. मिनिआपोलिसमध्ये १९१४ साली सुरू झालेली शाळा पुढे आर्ट इन्स्ट्रक्शन या नावाने ओळखली गेली. ‘हे चित्र काढून पाठवा’ म्हणणाऱ्या तिच्या जाहिराती मासिकांत आणि काड्यापेट्यांवर असायच्या. ‘पीनट्स’ ही चित्रमालिका काढणारे चार्ल्स शुल्झ यांनी १९४० च्या सुमारास तिथलाच अभ्यासक्रम केला. लहान मुलांच्या चित्रणात त्यांना सी प्लस मिळाला होता. पुढे आयुष्यभर त्यांनी लहान मुलंच काढली, हा भाग वेगळा! युद्धानंतर ते त्याच शाळेत दुरुस्त्या करायला बसले. मालिकेतल्या ‘चार्ली ब्राउन’ आणि ‘लायनस’ या मुलांची नावं त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांचीच घेतली.

अमेरिकेतच, कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला १९४८ मध्ये अल्बर्ट डॉर्न आणि नॉर्मन रॉकवेल या इलस्ट्रेटरांच्या पुढाकाराने फेमस आर्टिस्ट्स स्कूल सुरू झालं. बारा नामांकित इलस्ट्रेटर, चोवीस धडे, मोठ्या आकाराचे खंड. धडे आजही उत्तम आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: नाव बारा जणांचं असलं, तरी विद्यार्थ्याचं चित्र तपासायला पगारी शिक्षक असत. याच कंपनीच्या लेखन शिकवणाऱ्या शाखेवर पत्रकार जेसिका मिटफर्ड यांनी १९७० मध्ये लेख लिहिला. दारोदार फिरणारे विक्रेते, कुणीही पास होईल अशी प्रवेश चाचणी, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या लेखकांचा शिकवण्याशी नसलेला संबंध, हे सगळं त्यातून बाहेर आलं. नव्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात वाचताना हे आठवावं.

आता मूळ विषय. व्यावसायिक इलस्ट्रेशन म्हणजे ‘सुंदर चित्र’ नव्हे. कुणीतरी मजकूर दिलाय, जागा ठरवून दिलीये, तारीख दिलीये, आणि चित्र छापून वाचकासमोर जायचंय. वाचक ते भिंतीवर टांगून बघणार नाही. पान उलटताना त्याची नजर क्षणभर त्यावर थांबेल. तेवढ्यात काय घडतंय ते कळलं पाहिजे. अभ्यासक्रमातला प्रत्येक धडा या एका गरजेपोटी आहे, आणि धड्यांचा क्रमही.

क्रम साधारण असा असतो: ठोकळा, नळकांडं, शंकू, गोल, त्यांतून माणूस, मग रचना, उजेड-सावली, पर्स्पेक्टिव्ह (सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याची रीत), कपड्यांच्या चुण्या, डोकं आणि हात, त्यानंतर शाई, वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाची छटा), रंग, शेवटी जाहिरात, कथाचित्र, मुखपृष्ठ. बहुतेक जण पहिले तीन धडे ‘हे येतंच’ म्हणून सोडतात आणि थेट चेहऱ्यांवर जातात. मग चेहरा बरा जमतो, पण माणूस खुर्चीवर बसत नाही, खुर्चीसमोर तरंगतो. कारण बैठक हा एक आडवा चौकोन आहे, तो पर्स्पेक्टिव्हमध्ये काढलेलाच नसतो.

पर्स्पेक्टिव्हचा एक नियम हाताशी ठेवला की निम्म्या चुका पकडता येतात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिजरेषा एकाच ठिकाणी छेदते, मग ती माणसं जवळ असोत की लांब. बघणारा उभा असेल, तर रेषा सगळ्यांच्या डोळ्यांतून जाईल. बघणारा खुर्चीत बसला असेल, तर सगळ्यांच्या छातीच्या आसपास. जुन्या चित्रावर पट्टी ठेवून बघा. पुढचा माणूस छातीवर कापला जातोय आणि मागचा गुडघ्यावर, असं दिसलं तर मागचा माणूस राक्षस आहे किंवा ओट्यावर उभा आहे. आपण त्याला साधा माणूस म्हणून काढलेला असतो.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. समजा कथेतलं वाक्य आहे: ‘रात्री उशिरा दारावर थाप पडली. म्हाताऱ्याने दार बोटभर उघडलं.’ छापायची जागा १२ सेंमी रुंद, ८ सेंमी उंच. फक्त काळी शाई.

पहिल्यांदा थंबनेल, म्हणजे रचना ठरवायची छोटी कच्ची चित्रं. ६ बाय ४ सेंमीच्या चौकटी, किमान बारा. त्यांत रेषा काढायच्या नाहीत. मऊ पेन्सिलीने फक्त तीन छटा भरायच्या: पांढरा, करडा, काळा. एकाच चौकटीत गुंतून राहायचं नाही, पाच मिनिटांत पुढची. पहिल्या तीन-चार चौकटींत जे येतं ते कुणालाही सुचेल असं असतं: म्हातारा मध्यभागी, दार बाजूला. आठवी-नववी चौकट होईपर्यंत वेगळं काही हाती लागतं. उदाहरणार्थ, आपण दाराबाहेर उभे आहोत. तीन चतुर्थांश चित्र काळं दार, आणि उजेडाच्या एका उभ्या फटीत म्हाताऱ्याचा एक डोळा, नाक आणि कडीवरची बोटं. ‘बोटभर’ हा शब्द इथे दिसतो. पहिल्या चौकटीत तो नव्हता.

निवडलेली चौकट भिंतीला लावा आणि दोन मीटरवरून बघा. उजेड-काळोखाचे दोन-तीन मोठे आकार वेगळे ओळखू येत नसतील, तर पुढे जाऊन उपयोग नाही. छटांची रचना फसली असेल, तर नंतरची बारीक कलाकुसर तिला वाचवत नाही. उलट चूक ठळक होते.

मग संदर्भ. कडीवरची बोटं मनाने काढू नका. स्वतःचा हात दाराच्या कडेवर ठेवून आरशात बघा, किंवा एकाच दिव्याच्या उजेडात फोटो काढा. फोटो जवळून काढला तर पुढची बोटं फुगलेली येतात. दोन मीटर मागे जाऊन झूम करा. आणि फोटोची नक्कल करायची नाही. त्यातून सावलीची दिशा आणि सांध्यांची जागा तेवढी घ्यायची.

मूळ चित्र दीडपट आकारात करायचं, म्हणजे १८ बाय १२ सेंमी. छापताना ते दोन-तृतीयांश होईल आणि हाताची थरथर जरा झाकली जाईल. पण रेषाही बारीक होतात. मूळ चित्रातली ०.३ मिमीची रेष छापून ०.२ मिमी होते, ०.१५ मिमीची रेष ०.१ मिमी, आणि ती छपाईत तुटण्याची दाट शक्यता. जाळीदार छायेचं गणित उलटं: दोन रेषांमधली अर्ध्या मिलिमीटरची फट एक-तृतीयांश मिलिमीटरवर येते. कागदावर शाई थोडी पसरतेच, की फट बुजली, करड्याचं काळं झालं. म्हणून सावलीतल्या रेषा मूळ चित्रात जरा विरळच वाटल्या पाहिजेत. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल, तर छापील आकाराला ३ मिमी जादा सोडतात. दीडपट मूळ चित्रात ते साडेचार मिलिमीटर धरायचे. हे विसरलं की कटिंगमध्ये कुणाचं तरी बोट जातं.

आकार वाढवायला गणिताची गरज नाही. छापील चौकट कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काढा, तिचा कर्ण वर पुढे वाढवा. त्या कर्णावर कुठेही बिंदू घेऊन चौकट पूर्ण केली की प्रमाण तेच राहतं.

रफ ट्रेसिंग पेपरवर पक्कं करा. मग त्याच्या मागच्या बाजूला ४बी पेन्सिल घासा, बोळ्याने पुसून एकसारखी करा, चांगल्या कागदावर ठेवून ४एच पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा. दोन चुका इथे हमखास होतात. हात दाबून गिरवलं तर कागदावर खोबण पडते. वॉश लावला की रंग तिच्यात साचतो आणि न काढलेली गडद रेष उगवते. दुसरी चूक, साधा टायपिंगचा कार्बन वापरणं. तो मेणकट असतो: खोडरबराने जात नाही आणि त्यावर शाई धरत नाही. जाड बोर्डावर काम असेल तर खालून उजेड देणारा लाइट बॉक्सही कामाचा नाही, उजेड पलीकडे येतच नाही.

आता शाई. सगळ्यात जास्त वैताग इथेच येतो, आणि बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. नव्या निबेवर कारखान्यातला तेलाचा थर असतो. तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि एकदम ओघळते. टाक शाईत बुडवायचा तो निबेच्या भोकापर्यंत. त्याच्या वर गेलं की डाग ठरलेला. रेष स्वतःकडे ओढायची. निब पुढे ढकलली तर टोक कागदाच्या तंतूंत अडकतं आणि सुटताना शिंतोडे उडतात. म्हणून वळणदार रेषेला हात न फिरवता कागद फिरवायचा. वॉटरप्रूफ शाईत लाख असते, ती निबेवर सुकून खपली धरते. पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने निब पुसा. हीच शाई फाउंटन पेनमध्ये भरली तर पेन कायमचं गेलं समजा.

रेषेच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे फाटे फुटत असतील, तर कागद मऊ आहे, शाई शोषतोय. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड घ्या. एखाद्याच जागी शाई धरत नसेल, तर तिथे तळहाताचा घाम किंवा तेल लागलंय. हाताखाली कायम एक कोरा कागद ठेवायचा. खोडताना शाई करडी पडते, तिच्या वरचा थर रबराबरोबर निघतो. शाई पूर्ण सुकू द्या, शक्यतो रात्रभर, मग मळून मऊ केलेलं रबर दाबून उचला, घासू नका. पेन्सिल मुळात हलकी ठेवली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

दाराचा मोठा काळा भाग निबेने भरत बसू नका, ब्रश घ्या. गोल, तीन नंबरचा, चांगल्या केसांचा. विकत घेताना पाण्यात बुडवून एक झटका द्यायचा. टोक आपोआप सुईसारखं झालं तरच घ्यायचा. शाई केसांच्या अर्ध्याच्या वर जाऊ द्यायची नाही. धातूच्या कड्यापाशी ती सुकली की केस फाकतात आणि टोक पुन्हा जुळत नाही. आधी काळ्याची सीमा ओढा, मग आतला भाग भरा. उलट केलं की कड दातेरी होते.

वॉश हा वेगळा धडा आहे, पण तिथला घोळ एकच असतो: रंग मध्येच संपतो आणि दुसऱ्यांदा केलेली छटा जुळत नाही. लागेल त्याच्या दुप्पट करून ठेवा. बोर्ड १०–१५ अंश तिरका ठेवा, वरून खाली या, खालच्या कडेला रंगाचा ओला पट्टा कायम ठेवा, शेवटी तो कोरड्या ब्रशने उचला. अर्धवट सुकलेल्या जागी ओला ब्रश लावला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. तो दुरुस्त होत नाही. चौरस मीटरला ३०० ग्रॅमपेक्षा पातळ कागद पाण्याने सुरकुततो, म्हणून तो आधी भिजवून, गोंदपट्टीने बोर्डावर ताणून, वाळवून घेतात. गुआश (अपारदर्शक जलरंग) वापरत असाल तर सुकल्यावर फिके रंग जरा गडद आणि गडद रंग जरा फिके दिसतात. छटा जुळवायची असेल तर आधी कडेच्या कागदावर फासून, सुकवून बघायची.

चित्र संपलं. इथे जुना विद्यार्थी ते पाकिटात घालायचा. घरच्या घरी शिकणाऱ्याने इथे थांबायचं असतं. चित्र उलटं करून, नजरेआड, किमान चार दिवस ठेवा. हे दिवस टाळू नका. टपालाचा उशीर विद्यार्थ्यांना नकोसा असायचा, पण तेवढ्यात स्वतःच्या चित्राची सवय मोडायची आणि चुका दिसायला लागायच्या.

चार दिवसांनी आधी आरशात बघा. चेहरा एका बाजूला कलला असेल तर आरसा लगेच चुगली करतो. मग उलटं, डोकं खाली. मग डोळे बारीक करून. तेव्हा सर्वांत आधी जिथे नजर जाते, तिथेच ती जायला हवी होती का? आपल्या चित्रात उजेडाच्या फटीत म्हाताऱ्याच्या डोळ्याकडे. ती जर दाराच्या बिजागरीकडे जात असेल, तर बिजागरी जास्त पांढरी राहिलीये.

आता वर ट्रेसिंग पेपर लावा. कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या मारा, म्हणजे कागद हलला तरी परत बसेल. लाल पेन्सिलीने फक्त तीन दुरुस्त्या करायच्या. तीनच. या मर्यादेने आपोआप ठरतं की कोणती चूक मोठी आहे. आणि क्रम नेहमी असा: आधी रचना आणि छटा, मग आकृतीची ठेवण आणि प्रमाण, सगळ्यात शेवटी तंत्र. नवशिका पापणीच्या रेषेपासून सुरू करतो, अनुभवी शिक्षक म्हाताऱ्याचं अख्खं डोकं दोन सेंमी वर सरकवतो. प्रत्येक दुरुस्तीशेजारी एका वाक्यात कारण लिहा. ‘हात बरोबर नाही’ हे कारण नव्हे. ‘मनगट बोटांच्या ओळीत नाही, त्यामुळे हात तुटल्यासारखा दिसतो’ हे कारण. कारण लिहिता येत नसेल, तर संबंधित धडा पुन्हा उघडायचा. पुस्तकांचा खरा उपयोग या वेळी होतो, पहिल्या वाचनात नव्हे.

त्यानंतर तेच चित्र पुन्हा, पहिल्यापासून. हा टप्पा सगळ्यांनाच नकोसा होतो. जुन्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण दुरुस्तीचा कागद बघून खूश व्हायचे, पत्र फाइलला लावायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. हात मात्र दुरुस्त केलेलं चित्र दुसऱ्यांदा काढतानाच शिकतो. एका धड्याला महिना धरला, तर चोवीस धड्यांना दोन वर्षं लागतात. सहा महिन्यांत ‘संपवलेला’ अभ्यासक्रम म्हणजे एकेकदाच काढलेली चित्रं.

स्वतःच्या दुरुस्तीला एक मर्यादा आहे: जी चूक डोळ्याला दिसतच नाही ती लाल पेन्सिलीला कशी दिसणार? म्हणून शिकणारा आणखी एक जण गाठा आणि दर महिन्याला एकमेकांच्या चित्रांवर ट्रेसिंग करा. अट एवढीच की ‘छान’, ‘मस्त’ लिहायचं नाही, रेष काढून दाखवायची. दुसऱ्याच्या चित्रातली चूक शोधता शोधता आपलीही सापडते.

पैसे भरून एखादा दूरशिक्षणाचा कोर्स घेणार असाल, तर धड्यांची यादी कितीही लांबलचक असो, आधी हे विचारा. चित्र तपासणार कोण, आणि त्याचं स्वतःचं छापून आलेलं काम कुठे बघायला मिळेल? दुरुस्ती माझ्या चित्रावर रेषेने होणार की फक्त शेरा मिळणार? एकूण किती वेळा? दुरुस्तीनंतर तेच काम पुन्हा पाठवता येईल का? मध्येच सोडलं तर पैशांचं काय? आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं काम दुरुस्तीच्या कागदासकट दाखवायला सांगा. चकचकीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ची चित्रं नकोत, मधला कागद हवा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर तो बहुधा नसतोच.

जुन्या संचांतला काही भाग आता गोठला आहे. छपाईच्या ब्लॉकसाठी मूळ चित्र कसं तयार करायचं, अक्षरं कापून कशी चिकटवायची, रंग वेगळे करायला पारदर्शक पत्रे कसे लावायचे, हे वरवर वाचून सोडा. त्या काळच्या बायकांच्या जाहिराती-छाप ठेवणीही. त्या काढत राहिलात तर चित्र सत्तर वर्षांपूर्वीचं दिसेल. रचना, पर्स्पेक्टिव्ह, हात, चुण्या, उजेड हे भाग मात्र एक पानही न गाळता करायचे. टॅबलेटवर काम करणाऱ्यालाही तेच लागतात. फक्त शाईच्या डागांचा त्रास वाचतो, आणि ट्रेसिंग पेपरच्या जागी वेगळ्या लेअरवर लाल रेष येते. मूळ लेअरला तेवढं कुलूप लावून ठेवा, नाहीतर दुरुस्ती थेट चित्रावर होते आणि तुलना करायला काही उरत नाही.

कागदावरचं चित्र छपाईला द्यायचं तर स्कॅन करतानाही दीडपट लक्षात ठेवा. छटांच्या चित्राला छापील आकारात ३०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) हवेत, म्हणजे मूळ चित्राला २०० पुरतात. शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेषांना छापील आकारात १२०० लागतात, मूळ चित्राला ८००. आणि चित्र प्रत्यक्षच पाठवायचं असेल तर गुंडाळी करू नका. गुंडाळलेल्या कागदावर गुआशला भेगा पडतात, जाड पांढऱ्याचे पोपडे सुटतात. चित्रावर स्वच्छ कागद, दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट कुठल्याच दिशेने वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, चित्राला नाही.